रायगड किनाऱ्यावरील परकी नाणी व त्यांचे मूल्यनिर्धारण

रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सागरी व्यापारातून आलेली परकी नाणी व त्यांचे मोल ठरविण्याच्या पद्धती. चौल-रेवदंडा ही या व्यापाराची जुनी पेठ. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंडा येथे ठाणे वसविले. ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले.

इराणी आखातातून लारी हे नाणे येई. इराणमधील लार शहरावरून हे नाव पडले. चांदीची तार दुमडून तिच्यावर छाप उठविलेली असे. पुढे आदिलशाहीनेही कोकणात लारी पाडल्या. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट सु. ३.५ ग्रॅम वजनाचे व अतिशय शुद्ध असे. त्यावरील मानवी आकृत्यांमुळे त्यास मराठीत ‘पुतळी’ म्हणू लागले. पुतळ्यांची माळ हा दागिना त्यातूनच आला. यांखेरीज स्पॅनिश चांदीचे रियाल व पोर्तुगीजांचे हलके बुजरुक चलनात असत. परक्या राजाचा छाप येथे हुकूम चालवू शकत नसे. सराफ कसोटीवर कस पाहून व वजन करून मोल ठरवी आणि उणिवेबद्दल बट्टा कापून घेई.

हेच तत्त्व रायगडावर राजनीतीत मांडले गेले. इंग्रजांनी मुंबईत १६७२ च्या सुमारास टांकसाळ सुरू केली होती. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी आलेला त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने मुंबईचे नाणे स्वराज्यात चालावे, अशी मागणी केली. प्रजेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र ते कसाला व वजनाला मोगल आणि इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचे असेल, तर त्यास मनाईही नाही, असे उत्तर त्यास मिळाले. बट्ट्याचा बोजा अखेर रयतेवर पडतो, ही जाण या उत्तरामागे दिसते. हीन नाणे पाडणारी जंजिरा संस्थानाची टांकसाळ इंग्रजांनी १८३४ मध्ये बंद केली. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा कंपनी रुपया सर्वत्र प्रमाण ठरला व सराफाच्या कसोटीचे महत्त्व ओसरले.

आज संग्राहकाच्या दृष्टीने धातूचे मोल ही केवळ किमान मर्यादा होय. दुर्मिळता, अक्षरांची सुस्पष्टता, टांकसाळ व वर्ष यांवर किंमत ठरते. तांब्याच्या शिवराया पुष्कळ मिळतात, म्हणून सामान्य शिवराईस माफक किंमत येते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेला सोन्याचा होन फार विरळ, म्हणून त्याच्या नकलाही होतात. ओतीव नकलेच्या काठावर सांध्याची रेष व पृष्ठावर बारीक खड्डे आढळतात. माळेसाठी कडी डाखलेली पुतळी किंवा चिंचेने घासून उजळलेले नाणे यांचे सोने-चांदी तेवढेच राहते. परंतु संग्राह्य मोल घटते.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली येतात. ती परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर १८७८ च्या अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. नाणी कोठे, कोणत्या भांड्यात व कशाबरोबर सापडली, ही माहिती व्यापाराच्या इतिहासाचे साधन असते. निधी परस्पर वाटला वा आटविला, तर चांदीचा भाव हाती येतो. ती माहिती मात्र कायमची नष्ट होते.