स्फोटानंतर उरलेला आवाज : मुंबई उपनगरांच्या कानांचा इतिहास

१/
११ जुलै २००६, मंगळवार. सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिला स्फोट झाला आणि पुढच्या ११ मिनिटांत आणखी सहा. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही रोजच्या प्रवासातली नावे एका शोकयादीत जाऊन बसली. १८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली. त्या जखमींच्या शरीरावर वरून न दिसणारी एक जखम होती. ती कानाच्या आत होती.

२/
उपनगरांना हा आघात नवा नव्हता. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. २७ जानेवारी २००३ रोजी विलेपार्ले, १३ मार्च रोजी मुलुंड स्थानकात लोकलचा महिला डबा आणि २८ जुलै रोजी पुन्हा घाटकोपर, या वेळी लालबहादूर शास्त्री मार्गावरील बस. या सर्व घटनांचा इतिहास मृत आणि जखमी अशा दोन रकान्यांत लिहिला गेला. कोणाच्या कानात किती वर्षे काय वाजत राहिले, याला त्यात रकाना नव्हता.

३/
स्फोटातून हवेच्या दाबाची एक प्रचंड लाट निघते. वातावरणाच्या दाबात सुमारे एक-तृतीयांश एवढी अचानक वाढ झाली, तरी कानाचा पडदा फाटू शकतो. फुफ्फुसांना गंभीर इजा होण्यास याहून काही पट अधिक दाब लागतो. म्हणजे मानवी देहात स्फोटापुढे सर्वांत आधी हार मानणाऱ्या अवयवांपैकी कान हा एक आहे. त्यात लोकलचा डबा बंदिस्त. लाट पत्र्यावर आपटून परत फिरते आणि त्याच कानांवर पुन्हा आदळते.

४/
पडद्याचे लहान छिद्र पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. मोठे असल्यास शस्त्रक्रिया करता येते. खरी हानी आत, शंखासारख्या वळणदार कर्णावर्तात होते. तेथील सुमारे १५,००० केसपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जासंदेशात करतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही. संदेश कमी पडू लागले की मेंदू आपली ग्रहणक्षमता वाढवतो, जणू दुबळे प्रक्षेपण पकडण्यासाठी रेडिओचा आवाज चढवावा. बाहेर शांतता असताना ऐकू येणारी शिट्टी वा गुंजारव, म्हणजेच कर्णनाद, अशा रीतीने जन्मतो, असे आजचे प्रमुख स्पष्टीकरण आहे.

५/
त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे ध्वनीची अतिसंवेदनशीलता, ‘हायपरॲक्युसिस’. इतरांना साधा वाटणारा आवाज अशा व्यक्तीला असह्य होतो. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, रिक्षाचा हॉर्न, डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ. अंधेरी वा घाटकोपरच्या फलाटावर या आवाजांपासून सुटका कोठून मिळणार?

६/
कायद्याचे कान मात्र वेगळ्या मापाचे होते. रेल्वे अपघातांच्या नुकसानभरपाईसंबंधी १९९०च्या नियमांत इजांची जी सूची आहे, तीत ‘संपूर्ण बहिरेपण’ आहे. २००६ साली लागू असलेल्या १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यानुसार, दोहोंपैकी चांगल्या कानाची श्रवणहानी ६० डेसिबल वा अधिक असेल, तरच ती व्यक्ती श्रवणदोषग्रस्त ठरे. एक कान निकामी, दुसरा चांगला आणि रात्रभर डोक्यात शिट्टी, असा माणूस या मोजपट्टीत बसतच नव्हता. श्रवणहानी यंत्राने मोजता येते. कर्णनाद मात्र बहुधा ज्याचा त्यालाच ऐकू येतो.

७/
वैद्यकशास्त्रालाही ही जखम उशिराच ऐकू आली. दुसऱ्या महायुद्धात कान गमावून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत खास रुग्णालयीन केंद्रे उभी राहिली आणि त्यांतून श्रवणशास्त्राला स्वतंत्र रूप आले. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी उत्तम श्रवणशक्तीच्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कोणते ना कोणते आवाज ऐकू आले! पूर्ण शांततेत निरोगी कानही गुणगुणतात, हे त्यातून दिसले.

८/
१९९० मध्ये पॉवेल जास्त्रेबॉफ यांनी पुढचा प्रश्न विचारला : कर्णनाद अनेकांना असतो, मग तो काहींनाच का छळतो? त्यांचे उत्तर असे, की मेंदूतील भय आणि भावना यांच्याशी निगडित यंत्रणा त्या नादाला धोक्याची घंटा मानते, तेव्हा त्याचे दुःख होते. म्हणून नाद बंद करण्यापेक्षा त्याला दिलेला अर्थ बदलावा. समुपदेशन आणि मंद पार्श्वध्वनी यांच्या साहाय्याने महिनोन्‌महिने चालणारी उपचारपद्धती यातूनच घडली.

९/
कान दुखावला की माणूस सहजच कानात बोळे घालून बसतो. २००३ मध्ये फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. दोन आठवडे कानात बोळे वापरणाऱ्यांना नंतर आवाज अधिक मोठे वाटू लागले. मंद ध्वनी सतत ऐकणाऱ्यांची सहनशक्ती उलट वाढली. फटाके, ढोल वा डीजेच्या भिंतीजवळ कानांना संरक्षण हवेच. पण घरातल्या साध्या आवाजांपासूनही पळत राहिले, तर ते आवाज अधिकच अक्राळविक्राळ होत जातात.

१०/
२००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पुन्हा धावत होत्या. त्याला शहराची जिद्द म्हटले गेले, आणि ती जिद्द खरीही होती. मात्र रूळ एका रात्रीत दुरुस्त होतात, कान नाही. कानाची वाटचाल टप्प्याटप्प्याची असते : आघातानंतर विनाविलंब तपासणी, मग मंद आवाज, मग घरातले, मग रस्त्यावरचे आणि शेवटी फलाट. स्फोटांच्या यादीतील वांद्रे येथेच १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवणसंस्था उभी आहे. अनेकांचा नाद पूर्णपणे जात नाही, पण पंख्याच्या घरघरीसारखा तो हळूहळू विस्मरणात सरकू शकतो. या जखमेपुरते बरे होणे पुष्कळदा असे असते.