डिझेल ट्रकच्या स्टार्टरमधील बिघाड

स्टार्टर ही थांबलेले इंजिन फिरते करणारी, बॅटरीवर चालणारी विद्युत मोटर होय. चालक व गॅरेजवाले तिला बोलीभाषेत ‘सेल्फ’ म्हणतात. जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन फिरेनासे झाले की दोष बहुधा याच मोटरीला दिला जातो व ती उतरवून दुरुस्तीस नेली जाते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा बॅटरी, जाड केबल किंवा अर्थ-जोडणीत असतो आणि मोटरीवर केलेला खर्च वाया जातो.

पार्श्वभूमी

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आला. त्यापूर्वी हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबून इतकी तापवली जाते की इंधन आपोआप पेट घेते. या दाबाविरुद्ध इंजिन फिरवण्यास शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून अनेक जड ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट दाब मिळवतात. फिरण्याचा वेग कमी पडल्यास हवा पुरेशी तापत नाही आणि इंजिन फिरूनही सुरू होत नाही.

कार्य

चावी फिरवताच सोलेनॉइडमधील दांडा सरकतो, पिनियनला फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात ढकलतो आणि शेवटी तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरीला प्रवाह देतो. ‘टक्’ असा जो आवाज ऐकू येतो तो या दांड्याचा असतो, मोटरीचा नव्हे.

लक्षणे व निदान

सर्वांत सोपी परीक्षा हेडलाइटची आहे. दिवे लावून चावी फिरवल्यावर ते जवळजवळ विझत असतील, तर बॅटरी उतरलेली असते, तिची टोके सैल वा गंजलेली असतात किंवा इंजिन अथवा मोटर अडकलेली असते. एकदाच ‘टक्’ होऊन दिवे तसेच प्रखर राहिले, तर सोलेनॉइडचे संपर्क जळालेले किंवा मोटरीचे कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव असतो. आवाजच नसेल, तर चावीचा स्विच, रिले व बारीक तार तपासावी. ‘टकटकटक’ असा सलग आवाज बहुधा अशक्त बॅटरीचा असतो. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा पिनियनचा एकदिश क्लच घसरत असतो.

हातोडीने हलकेच ठोकल्यावर स्टार्टर चालू होणे हे झिजलेल्या ब्रशचे जुने लक्षण आहे. तो उपाय मात्र नव्हे.

जुन्या ट्रकमध्ये सर्वाधिक फसवणूक अर्थ-पट्टी करते. इंजिन व चॅसिस यांना जोडणारी ही पट्टी गंजते किंवा रंगकामात तिच्या बोल्टखाली रंग जातो. इंजिन फिरवत असताना मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर व दुसरे स्टार्टरच्या अंगावर धरावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास परतीच्या मार्गात दोष आहे असे समजावे. धन बाजूचीही अशीच परीक्षा करतात. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन फिरवताना ती ९.६ च्या खाली गेल्यास आधी बॅटरीकडे पाहावे.

धोके

यांत्रिक पंपाचे जुने डिझेल इंजिन धक्का देऊनही सुरू होते. त्यामुळे काही चालक गाडी उतारावर उभी करून दुरुस्ती लांबवतात. याहून घातक सवय म्हणजे पाना लावून सोलेनॉइडचे खांब थेट जोडणे. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तत्काळ पुढे सरकते आणि जोडणारा माणूस अनेकदा चाकापुढेच असतो. हा प्रयोग न्यूट्रल, हातब्रेक व चाकाला उटी यांशिवाय करू नये.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या ट्रकचे इंजिन अडकले असल्यास स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात ते साचले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाहावे. एरवीही सलग सुमारे १५ सेकंदांहून अधिक न फिरवता मोटरीला थंड होण्यास दोन मिनिटे द्यावीत. संपर्क चिकटून चावी सोडल्यावरही मोटर फिरत राहिल्यास बॅटरीची जोडणी तत्काळ तोडावी.