रानाचा नाद इंग्रजीत नेताना

आदाम मित्सकिएविच यांचे ‘पान तादेउश’ हे पोलिश महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्यात लिथुआनियाचे रान सतत बोलत असते. चौथ्या सर्गात शिकारीनंतर वोयस्की हा जुना हुद्देदार शिंग फुंकतो. त्यातून लांडगा, अस्वल, रानबैल यांचे आवाज उमटतात. त्याने फुंकणे थांबवले तरी तो वाजवतोच आहे असे सर्वांना वाटते, कारण प्रतिध्वनी झाडांमधून दूरदूर जात असतो. जॉर्ज रॅपल नॉयेस यांनी १९१७मध्ये हे सारे इंग्रजी गद्यात आणले. ते गद्य अर्थाला जपणारे आहे; पण नाद हाच जिथे अर्थ आहे, तिथे गद्याच्या हाती मूळ निम्मेच लागते.

इंग्रजीत ध्वनिशब्दांची वानवा आहे, म्हणून असे होते असे कुणी म्हणेल. तसे मुळीच नाही. अडचण वाटणीची आहे. पोलिश ‘शुम’ हा आवाज रानाचा, तसाच समुद्राचा आणि पावसाचाही. पानांची बारीक सळसळ मात्र ‘शेलेस्त’. ‘शुम’साठी इंग्रजीला दर वेळी ‘रसल’, ‘मर्मर’ किंवा ‘रोर’ यांतून निवड करावी लागते आणि शब्दातला तो ‘श’ निसटतोच. तो ओळीच्या लयीतूनच भरून काढता येतो. म्हणून केनेथ मॅकेन्झी (१९६४) आणि बिल जॉन्स्टन (२०१८) यांनी यमकबद्ध पद्य पत्करले, ते मला अधिक प्रामाणिक वाटते. यमकापायी शब्द वाकवावे लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण आठव्या सर्गात दोन तळ्यांतले बेडूक एकमेकांना साद घालतात, ती जुगलबंदी लयीवाचून नुसती माहिती उरते.