४,२९,४९,६७,२९७
शून्यापासून मोजल्यास पाचवी फेर्मा संख्या. २ च्या ३२व्या घातात १ मिळवून येणारी संयुक्त संख्या. आधीच्या पाचही (३, ५, १७, २५७, ६५,५३७) मूळ असल्याने पुढच्या सर्वही मूळच असतील, असे प्येर द फेर्मा यांना वाटले. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी हिचे ६४१ आणि ६७,००,४१७ हे मूळ अवयव दाखवले. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६ (५ व २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज). एवढ्यावरून, प्रत्यक्ष भागाकार न करता, विभाज्यता सिद्ध होते. संख्यासिद्धांतातील ही अत्यंत देखणी सिद्धता आहे. इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपासने रचता येत नाही. ६५,५३७ नंतरची मूळ फेर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.