तुरुंगाऐवजी तळी

आपल्याकडचा मुलगा स्काउटमध्ये गेला की पहिल्या उन्हाळ्यात घरात हमखास चर्चा होते. "आठवडाभर तळ्याकाठी तंबूत राहणार? पोहताना लक्ष कोण ठेवणार?" भारतातून आलेली आजी त्यात भर घालते, "आणि साप असतील त्याचं काय?"

प्रश्न अगदी रास्त आहेत. अशा शिबिरांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा सगळा कारभार याच काळज्यांभोवती उभा राहिलाय. आपल्या न्यूयॉर्क-न्यूजर्सीकरांना जवळचं उदाहरण म्हणजे हॅरिमन स्टेट पार्कमधलं लेक कानावॉकी.

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (२०२५ पासून नाव 'स्काउटिंग अमेरिका') ही संस्था फेब्रुवारी १९१० मध्ये स्थापन झाली. त्याच उन्हाळ्यात लेक जॉर्जच्या काठी, सिल्व्हर बे इथे, निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांच्या देखरेखीखाली एक प्रायोगिक शिबिर भरलं. आमच्या धंद्याच्या भाषेत हा पायलट प्रोजेक्ट. पायलट सहसा चालतोच हो, खरी परीक्षा हजारो युजर आल्यावर होते. न्यूयॉर्क शहरातल्या दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींमधून हजारो मुलं न्यायची, तर दोनशे मैलांवरचं लेक जॉर्ज काय कामाचं? जागा जवळ हवी होती.

ती जागा मिळाली एका तुरुंगामुळे! १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याने हडसन नदीकाठी बेअर माउंटनला नवा तुरुंग बांधायचं ठरवलं. कैद्यांकडून जमीन साफ करून घ्यायला सुरुवातही झाली. रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन यांची इस्टेट जवळच होती. १९०९ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी मेरी हॅरिमन यांनी राज्यापुढे प्रस्ताव ठेवला: तुरुंगाचा बेत सोडा, मी १०,००० एकर जमीन आणि १० लाख डॉलर देते, तिथे लोकांसाठी पार्क करा. मॉर्गन आणि रॉकफेलर यांनीही प्रत्येकी पाच लाख घातले आणि १९१० मध्ये जमीन राज्याच्या ताब्यात आली.

आता कुणाला वाटेल, घनदाट अरण्य मिळालं. तसं नव्हतं. या डोंगरांत लोखंडाच्या खाणी होत्या आणि भट्ट्यांच्या कोळशासाठी पिढ्यानपिढ्या झाडं तोडलेली होती. १९१२ मध्ये मेजर विल्यम वेल्च हे इंजिनियर पार्कच्या कामावर आले. दलदली आणि छोट्या डबक्यांसारख्या तळ्यांना जिथे अरुंद तोंड होतं, तिथे त्यांनी बांध घातले. आखूड बांध, पण मागे पाणी भरपूर! 'लिटल लाँग पाँड' नावाचं तळं असंच फुगून लेक कानावॉकी झालं. आज आपण गाडीतून "काय निसर्ग आहे!" म्हणून फोटो काढतो त्या तळ्यांपैकी बरीचशी अशी माणसाने केलेली आहेत.

१९१७ च्या सुमारास न्यूयॉर्कचे स्काउट कानावॉकीच्या काठी आले. शिबिरांच्या सोयी पार्कने उभ्या करायच्या आणि संस्थांना वापरायला द्यायच्या, अशी पद्धत इथे रुळली. पोहणं, नाव वल्हवणं, रानात भटकणं हे तर होतंच, शिवाय एक निसर्ग-संग्रहालयही निघालं. ते चालवणारे बी. टी. बी. हाइड मुलांचे लाडके 'अंकल बेनी' होते. त्यांनी मुलांना सापांना भिण्यापेक्षा ओळखायला शिकवलं. आजीच्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यांचे सहायक विल्यम कार यांनी पुढे बेअर माउंटनचं ट्रेलसाइड म्युझियम उभारलं.

पण आईच्या काळजीचं काय? १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती. सुमारे ९,००० जणांना लागण झाली आणि दोन हजारांहून जास्त दगावले, बहुतेक लहान मुलं. आसपासच्या गावांनी शहरातल्या मुलांना वेशीवरच अडवलं. अशा दिवसांत मोकळी हवा आणि तळ्याचं पाणी आईबापांना किती मोलाचं वाटलं असेल!

आणि इथेच इतिहासाने विचित्र वळण घेतलं. जुलै १९२१ च्या अखेरीस फ्रँकलिन रूझवेल्ट बेअर माउंटनच्या स्काउट शिबिरांना भेट द्यायला आले. वय ३९, शहरातल्या स्काउट कामाचे ते एक पुढारी. मुलांबरोबर संचलनात चालतानाचा त्यांचा फोटो आहे. आधाराशिवाय चालतानाचा त्यांचा शेवटचा फोटो म्हणून तो ओळखला जातो. दोन आठवड्यांत, १० ऑगस्टला, ते आजारी पडले आणि पाय कायमचे गेले. लागण याच शिबिरात झाली असावी, असं अनेक चरित्रकार मानतात. तो पोलिओ नव्हताच, गियाँ-बारे हा आजार असावा, असंही काही डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडलं. काही असो, पोलिओचा विषाणू दूषित हात, अन्न आणि पाण्यातून पोटात जातो, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

मला जास्त विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. रूझवेल्टांनी शिबिरांशी नातं तोडलं नाही. कानावॉकी अपुरं पडू लागलं तेव्हा त्यांच्याच पुढाकाराने १९२७ मध्ये सलिव्हन काउंटीत १०,००० एकरांहून जास्त जमीन घेतली गेली आणि १९२८ मध्ये तिथे 'टेन माइल रिव्हर' शिबिरं सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष असताना १९३८ मध्ये त्यांनी पोलिओविरुद्ध राष्ट्रीय संस्था काढली. सॉल्क आणि सेबिन, दोघांच्याही लशींच्या संशोधनाला त्या संस्थेचा पैसा मिळाला. सेबिनची लस म्हणजे आपल्याकडे बाळांना पाजतात ते थेंब. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामागे तेच थेंब होते.

म्हणून यंदा शिबिराच्या पालकसभेला जाल तेव्हा गप्प बसू नका. तळ्याचं पाणी कधी तपासलं, पाण्यातली मुलं कोण मोजतं, आजारी मुलाला कुठे ठेवता, हे सगळं विचारा. भिडस्तपणा नको. आणि मग पोराची बॅग भरा. नंतर एखाद्या रविवारी सेव्हन लेक्स ड्राइव्हवरून जाताना कानावॉकीला गाडी थांबवून, वेल्चसाहेबांचं ते पाणी त्यालाही दाखवा.