शेजाऱ्याच्या अंगणातला नळ

इराणच्या किनाऱ्यावरचे असलुये हे गाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याच्यासमोर समुद्राखाली जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक वायूचा साठा आहे. त्याचा उत्तरेकडचा भाग इराणचा. त्याला ते ‘साउथ पार्स’ म्हणतात. दक्षिणेकडचा कतारचा, त्याचे नाव ‘नॉर्थ फील्ड’. साठा एकच, नावे मात्र ज्याच्या त्याच्या दारातून दिसणाऱ्या दिशेची!

हा वायू पाकिस्तानमार्गे नळाने भारतात आणावा ही कल्पना १९८९ साली इराणचे अली शम्स अर्देकानी आणि आपले राजेंद्र पचौरी यांनी मांडली. मार्ग सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरचा. अडचण अभियांत्रिकीची नव्हती, मधल्या शेजाऱ्याची होती. नळाची चावी त्याच्या हाती राहणार, ही दिल्लीची धास्ती. ती किती होती? नव्वदच्या दशकात ओमानहून गुजरातेत, पाकिस्तानची हद्द टाळून, समुद्रात सुमारे साडेतीन हजार मीटर खोलीवर नळ टाकण्याचाही विचार झाला होता!

नळ तोडला तर शेजाऱ्याचे शुल्क बुडेल आणि त्याच्याही चुली विझतील, हा साधा हिशेब मला आजही पटतो. २००४ नंतर पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांनी वाटाघाटींना जोर दिला. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिले. जानेवारी २००६ मध्ये खाते मुंबईच्या मुरली देवरांकडे गेले. सारा दोष अमेरिकेच्या दडपणावर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ते अर्धेच खरे. वायूचा भाव आणि पाकिस्तानचे शुल्क यांवरही घोडे अडले होते. अखेर जून २००९ मध्ये इराण आणि पाकिस्तानने आपल्याला वगळून करार केला.

गंमत अशी, की याच साठ्यातला वायू जानेवारी २००४ पासूनच भारतात येत होता. कतार तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात, जहाजाने दहेजला पाठवत होता. पुढे आपल्या दाभोळलाही असा वायू उतरवण्याची सोय झाली.

मार्च २०१३ मध्ये झरदारी आणि अहमदीनेजाद यांनी सीमेवर पाकिस्तानी भागाच्या कामाचा समारंभ केला. इराणचा नळ इराणशहरापर्यंत येऊन थांबला आहे. पलीकडचे सुमारे ७८० किलोमीटरचे काम रखडले. त्यांतल्या सीमेपासून ग्वादरपर्यंतच्या ८० किलोमीटरला पाकिस्तानने मंजुरी दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये.