तळ्यात मासे ढीगभर, पण वजन भरत नाही : चिलापीची वाढ आणि वीण समजून घ्या

केदारखेडा (ता. भोकरदन) : शेततळ्यात मासे सोडले, खाद्य टाकलं, सात-आठ महिन्यांनी जाळं ओढलं तर हाती आले तळहाताएवढेच मासे. अशा वेळी बी खराब निघालं किंवा खाद्य कमी पडलं असं म्हटलं जातं. पण तळ्यात चिलापी असेल तर कारण वेगळं असू शकतं. हा मासा अंगानं भरायच्या आधीच अंडी घालायला लागतो.

मूळ कुठलं?
चिलापी म्हणजेच तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. आज सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं नाव निघालं की चिलापी आठवतेच.

वीण कशी होते?
कोमट पाण्यात चिलापी दोन-तीन महिन्यांतच वयात येते. नर तळाच्या मातीत गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, तरी पुढं आठ-दहा दिवस पिल्लं आईच्या तोंडाच्या आसऱ्यानं राहतात. धोका दिसला की परत तोंडात शिरतात. म्हणून पिल्लं मरत नाहीत, बहुतेक जगतात.

लहान मादीसुद्धा एका वेळी शे-दोनशे पिल्लं काढते आणि पाणी गरम असलं तर महिना-दीड महिन्यानं पुन्हा तयार होते. हिशोब करा, दहा माद्यांची दोनशेप्रमाणं एका वेतात दोन हजार पिल्लं झाली. माती नसलेल्या सिमेंटच्या टाकीतही ही वीण होते, त्यामुळं प्लास्टिकच्या शेततळ्यात होणार नाही असं समजू नये.

वाढ का खुंटते?
पिल्लं तोंडात असेपर्यंत मादी जवळपास उपाशीच राहते. खाल्लेलं अंगी लागण्याऐवजी अंड्यांत जातं. दुसरीकडं गर्दी वाढते आणि तेच खाद्य हजारो तोंडांत वाटलं जातं. जागा आणि खाद्य कमी पडलं की चिलापी आणखी लहान असतानाच वयात येते. नर मात्र मादीपेक्षा लवकर वाढतो. विणीच्या काळात नर काळपट आणि गळ्याखाली पांढरा दिसतो.

कटला-रोहूचं तसं नाही
कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून त्यांचं बी केंद्रात तयार होऊ लागलं. त्यामुळं तळ्यात हजार बोटुकली सोडली तर हजाराच्या वर जात नाहीत आणि खाद्य अंगी लागतं.

काय काळजी घ्यावी?
- बोटुकली खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावी, सोडण्याआधी परातीत ओतून भेसळ पाहावी.
- नदी-नाल्यातून मोटारीनं पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.
- उन्हाळ्यात तळं पूर्ण कोरडं करावं. डबक्यात चार मासे राहिले तरी पुन्हा तेच.
- मरळ चिलापीची पिल्लं खातो. पण बाकीचे मासे मोठे झाल्यावरच तो सोडावा, नाहीतर आपलीच बोटुकली जाईल.
- गिफ्ट ही सुधारित चिलापी जोमानं वाढते, मात्र ती पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते.

नको असलेली चिलापी ओढ्यात किंवा पूर्णा नदीत सोडून देऊ नये. नदीत गेलेला मासा परत गोळा करता येत नाही. पूर्णेचं पाणी पुढं खडकपूर्णा, येलदरीपर्यंत जातं आणि तिथल्या गावठी माशांच्या चाऱ्यावर आणि जागेवर ही चिलापी हक्क सांगते. त्यापेक्षा ती बाजारात न्यावी नाहीतर घरी कालवणात घालावी.